हरू, पण आमच्याच नावानं

त्या वर्षी आमच्या घरात सकाळ दोन आवाजांनी उजाडायची. वरच्या चिमुकल्या खोलीतून बाबा विचारत असायचे, "माझा आवाज येतोय का सगळ्यांना? येतोय का?" आणि खालच्या बैठकीतून आबाजी ओरडत असायचे, "अरे, पाय धरू नको त्याचे! कंबर धर, कंबर!" बाबा सॉफ्टवेअरमधले. त्यांचं सिटीवेस्टचं ऑफिस एका रात्रीत उठून डब्लिनमधल्या आमच्या ब्लँचर्डस्टाउनच्या घरात, इस्त्रीच्या टेबलाशेजारी येऊन बसलं होतं. आबाजी म्हणजे बाबांचे वडील. दर्यापूरच्या शाळेत पी.टी.चे मास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि पंचक्रोशीत कबड्डीचे पंच म्हणून ओळखले जाणारे. तीन महिन्यांसाठी नातीला भेटायला आले आणि साथीमुळे विमानं बंद झाली. ज्वारीचं पीठ, सांडगे, लाल तिखट आणि दोन स्वेटर एवढं सामान घेऊन आलेला तो माणूस दीड वर्ष आमच्याकडे राहिला. पहाटे उठायची सवय, बोलायला कोणी नाही, म्हणून टीव्ही लावायचे; आणि आयर्लंडमध्ये सकाळ असते तेव्हा ऑस्ट्रेलियात तिथल्या फुटबॉलचे संध्याकाळचे सामने चालू असतात. रिकाम्या मैदानावर गर्दीचा खोटा आवाज सोडून ते सामने दाखवत. आबाजींना ती लबाडी पहिल्याच दिवशी कळली. "मानसं नाईत अन् टाळ्या वाजून राहिल्या," म्हणाले, आणि तरी पाहत राहिले.

त्या सकाळींचा मला आजही आधी वास आठवतो. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. रात्रपाळी करून आली की मागच्या दारातच कपडे मशीनमध्ये टाकून सरळ आंघोळीला जायची, आणि तोवर आबाजी भाकऱ्या थापायला घेत. ज्वारीचं पीठ संपल्यावर त्यांनी ओट्स दळून भाकरी करून पाहिली. ती तव्याला चिकटून बसली. "हे घोड्याचं खानं हाये, घोड्यालेच जमन," म्हणत त्यांनी त्याचे तुकडे कढीत बुडवून खाल्ले. तिखटाचा डबा ते कपाटात कडीकुलपात असल्यासारखा जपत. कपाटाला आम्ही 'प्रेस' म्हणायचो, इथले लोक म्हणतात तसं, आणि आबाजींना वाटायचं की ही इस्त्रीची भानगड आहे. मी तेव्हा सतरा वर्षांची. मराठी सगळी समजायची, पण तोंडातून यायची इंग्रजी, तीही डब्लिनच्या शाळेतली. आबाजी वऱ्हाडीत विचारायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं बरं चालायचं. आज मी हे मराठीत लिहिते आहे, ते कसं झालं तेही या प्रकरणात येईल.

मी तो खेळ खेळायची, हे आबाजींना टीव्ही पाहायला लागल्यावर महिन्याभरानं कळलं. आयर्लंडमध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणारे तेव्हा मूठभर होते. लांबोडका चामड्याचा चेंडू. लाथ मारून किंवा मुठीनं ठोसून पुढे द्यायचा, फेकायचा नाही. टोकाला चार खांब. मधल्या दोघांतून गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर नेम चुकला म्हणून एक गुण. "चुकल्याचाही गुन देते?" आबाजींनी विचारलं. देतात, मी म्हणाले. "लय दिलदार खेळ हाये बाप्पा."

आमच्या क्लबचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. नऊ जणींचा संघ, आणि एकूण खेळाडूही नऊच. ग्रॉन्या आमची कर्णधार आणि प्रशिक्षक. पन्नाशीला टेकलेली, बस चालवणारी, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुत्री बसत. ताईस नावाची एक ब्राझीलची मुलगी होती, हॉटेलात भांडी घासून इंग्रजी शिकणारी. आईनं तिचं नाव ऐकलं आणि त्या दिवसापासून तिला "ताई" म्हणायला लागली. ताईसला वाटलं, भारतीय लोक शेवटचं अक्षर खातात. बाकीच्या अशाच: कोणी बेकरीतली, कोणी नर्स, कोणी कॉलेजातली. डब्लिनमध्ये मुलींचे क्लब दोनच; पलीकडे होत्या हाउंड्स, म्हणजे शिकारी कुत्री. समुद्राकाठच्या भागातला क्लब, हिरवंगार मैदान, मेलबर्नहून आलेला प्रशिक्षक, आणि जिल्ह्याच्या गेलिक, म्हणजे इथल्या देशी, फुटबॉल संघातल्या चार खेळाडू. त्यांची कर्णधार ईफा, चोवीस वर्षांची, उडी मारली की दुसऱ्याच्या खांद्यावरून चेंडू काढायची. त्या उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले तेव्हा जेमतेम दोन सामने झाले. हाउंड्सनी आम्हाला एकाहत्तर गुणांनी हरवलं. शेवटी शेवटी त्यांच्या मुली आमच्याशी गोड बोलायला लागल्या होत्या. मैदानावर समोरची बाई गोड बोलायला लागली की समजावं, तिनं तुम्हाला मोजणं सोडलं आहे.

हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. अशात लीगचे सचिव डेक्लन यांचा मेल आला. स्वभावानं भला माणूस, कोणाला दुखवायचं नाही अशी सगळी भाषा. खेळाडू कमी झालेत, तेव्हा पुढच्या हंगामात हेरन्स आणि हाउंड्स यांनी एकत्र यावं, नाव हाउंड्सचं राहील, सर्वांच्या भल्याचं होईल. महिन्याभरात ऑनलाइन बैठक. आणि खाली माझ्यासाठी वेगळी ओळ: तू सामन्यांची वर्णनं छान लिहितेस, तर बैठकीआधी लीगच्या पत्रिकेसाठी एक लेख दे. दोन्ही क्लबांची तुलना, पुढच्या हंगामात कोणाला किती आशा आहे ते. मजेशीर असू दे.

मी संतापाच्या भरात एका दुपारी लेख लिहून टाकला. हेरन्स कशा पेटून उठणार, हाउंड्स कशा गर्वानं फुगल्या आहेत, आम्ही पहिल्याच सामन्यात त्यांना कसं लोळवणार. मला तो फारच आवडला. आबाजी म्हणाले, "वाच." मी इंग्रजीत सुरुवात केली. "मराठीत," ते म्हणाले. मी अडखळत सांगायला लागले. आपल्याच वाक्याचा अर्थ दुसऱ्या भाषेत सांगायला लागलं की ते वाक्य किती पोकळ आहे ते कळतं. 'पेटून उठणार' म्हणजे नक्की काय करणार, हे मला सांगता येईना.

"त्याइचा तुमच्यापेक्षा चांगला हाये ना संघ?" आबाजींनी विचारलं.

"हो, पण..."

"मंग तसं लिही."

"आबाजी, तसं लिहिलं तर ते म्हणतील, मग एकत्र व्हा!"

"पोरी, म्या पस्तीस वर्सं शिट्टी फुकली. आपल्या घरच्या पोट्ट्यालेही बाद देल्लं. तू खोटं लिहिशीन तं पैल्या सामन्यातच उघडी पडशीन. खरं लिही. अन् मंग काय म्हनाचं ते म्हन."

दुसऱ्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. लीगच्या पानावर जुन्या सामन्यांची फोनवरून घेतलेली चित्रणं होती, हलणारी, अर्धी वाऱ्याच्या आवाजानं भरलेली. सकाळी मी शाळेचा ऑनलाइन वर्ग संपवून खाली यायची आणि आबाजी वही घेऊन तयार बसलेले असत. त्यांना मुलींची नावं येत नव्हती, म्हणून ते चालीवरून ओळखत. ईफा म्हणजे 'उंटीण', कारण मान ताठ. हाउंड्सच्या एकीला ते 'घाईवाली' म्हणायचे. "पाह्य, हे घाईवाली नेहमी उजव्या पायानं मारते. डावीकडून दाबली का तिले सुचत नाई." मी पाच सामने पाहिले होते, खेळले होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. आमच्याबद्दलही ते तितकेच निर्दय होते. आमचे हात जवळच्या गर्दीत चपळ, मुठीनं चेंडू देण्यात आम्ही हाउंड्सपेक्षा सरस. पण खांब दिसले की आम्हाला घाम फुटतो. मागे राखायला कोणी थांबत नाही, सगळ्या चेंडूमागे. "जत्रेत पाकीट हरवल्यावानी," ते म्हणाले. आणि मी? "तू पडाले भेते. जी पडाले भेते तिच्या हातात चेंडू राहत नाई." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आईनं मागच्या अंगणातल्या ओल्या गवतावर जुनी गादी टाकली, आणि मी पडायला शिकले.

याच दिवसांत ईफाचा मेसेज आला. "आमच्याकडे आलीस तर पहिल्या नऊमध्ये असशील. तुला कोणीही दोष देणार नाही." मी तो मेसेज दोन दिवस उत्तर न देता ठेवला. म्हातारपणी लिहिताना माणूस स्वतःला जरा उंच करून दाखवतो, म्हणून इथे स्पष्ट सांगते: मला जायचं होतं. हाउंड्समधून मुली थेट ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या क्लबांकडे गेल्या होत्या. ईफालाही बोलावणं येणार अशी कुजबुज होती. मी रात्री पडल्या पडल्या स्वतःला त्यांच्या निळ्या जर्सीत पाहत होते. शेवटी भाकरीला तूप लावत असलेल्या आबाजींना मी ते सांगून टाकलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी तूप लावणं चालूच ठेवलं. मग सांगितलं ते असं.

त्यांच्या शाळेचा कबड्डीचा संघ दर वर्षी पहिल्याच फेरीत हरायचा. एका वर्षी तालुक्याच्या मोठ्या शाळेचे मास्तर आले, म्हणाले, तुमचे दोन चांगले खेळाडू आम्हाला द्या, त्यांचं भलं होईल. आबाजींनी दिले. "त्या दोघाइचं भलं झालं, खोटं काहून बोलू. पन दुसऱ्या सालापासून आमच्या शायेत कबड्डीच नाई राहिली. बाकीचे म्हने, आता कायले खेळाचं? मैदानात गवत वाढलं. मंग म्या दुसऱ्याइच्या सामन्यात शिट्ट्या फुकत फिरलो, जनमभर." तूप लावलेली भाकरी त्यांनी माझ्या ताटात टाकली. "तुले जाचं तं जाय. फक्त एवढं ध्यानात ठेव, का तू एकटी जात नाईस."

ईफाला मी लिहिलं, "धन्यवाद. मैदानावर भेटू." आणि लेख पुन्हा लिहायला बसले.

तो लेख आज माझ्याकडे नाही, पण त्यातलं जवळजवळ सगळं आठवतं. हाउंड्स उंचीत, वेगात, लांब लाथेत आमच्यापेक्षा चांगल्या आहेत, असं मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. मग त्यांची कच्ची बाजू: भर उन्हाळ्यात त्यांच्या चौघी जिल्ह्याच्या संघाकडे जातील, आणि हाउंड्सच्या मुली डब्लिनभर विखुरलेल्या आहेत, त्यामुळे पाच किलोमीटरच्या नियमात दोघी एकत्र येऊन सराव करू शकत नाहीत. आमच्या नऊही जणी एकाच बागेभोवती राहतात. नियमाप्रमाणे दोघी-दोघी भेटून आम्ही आख्खा हिवाळा सराव करू शकतो, आणि करतो आहोत. मग आमच्या कच्च्या बाजू, एकही न लपवता, माझ्या पडण्याच्या भीतीसकट. आणि शेवटी अंदाज: त्यांच्याशी पहिला सामना आम्ही चाळीसपेक्षा जास्त गुणांनी हरू. दुसरा दहाच्या आत हरू. त्याच्या पुढच्या वर्षीचं मला सांगता येत नाही. त्यानंतर एक ओळ होती, ती मी आधी मराठीत सुचवून मग इंग्रजीत केली: समोरचा आपल्यापेक्षा बलवान आहे, हे आपण नाहीसं होण्याचं कारण असू शकत नाही. आम्ही हरू, पण आमच्याच नावानं हरू.

बैठकीच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. पडद्यावर वीसेक चौकटी. डेक्लन म्हणाले, "लेख छान आहे हं, एकदम ग्रँड. पण वास्तव पाहायला हवं ना आपण. नऊ मुलींचा क्लब कसा चालवायचा? एक जखमी झाली की संपलं."

ग्रॉन्याचा आवाज घुमला. "मागच्या वर्षी जखमी झाली होती एक. आठजणी खेळलो."

"आणि एकाहत्तरनं हरलात," हाउंड्सचा प्रशिक्षक हसत म्हणाला.

मी माइक सुरू केला. "तेच लिहिलंय मी. तुम्ही आम्हाला हरवणार आहात. मग भीती कशाची आहे? हरवायला समोर कोणी नको का तुम्हाला?"

कोणाच्या तरी घरात किटली शिट्टी वाजवत होती. मग ईफा बोलली. तिनं बोलावं असं तिच्या प्रशिक्षकाला वाटत नसावं. "ती बरोबर बोलतेय. मला आपसात दोन गट पाडून खेळायचं नाहीये."

डेक्लननी चष्मा काढला, पुसला, आणि नियमाचा आधार घेतला. स्वतंत्र नोंदणीसाठी चौदा नावं लागतात. महिनाअखेरीपर्यंत चौदा सह्या द्या, हेरन्स राहील. नाही दिल्या, तर विलीन. सगळ्यांना माहीत होतं की टाळेबंदीत, पाच किलोमीटरच्या आत, चार आठवड्यांत पाच खेळाडू मिळणार नाहीत.

आम्ही मिळवले. ग्रॉन्यानं आपल्या बसमध्ये ड्रायव्हरच्या काचेमागे चिठ्ठी चिकटवली, 'पडायला घाबरत नसाल तर विचारा', आणि मास्क लावलेल्या दोन बायकांनी खरंच विचारलं. ताईसनं तिच्या घरातली एक मैत्रीण आणली. आईच्या लॅबमधली केरळची एक मुलगी तयार झाली, कारण तिला खोलीत एकटं बसून वेड लागायची पाळी आली होती. तेरा झाल्या. शेवटच्या आठवड्यात मी शाळेतल्या प्रत्येक मुलीला फोन केला. प्रत्येकीला परीक्षा होती. मलाही होती, ती आमची बारावी, आणि बाबांच्या मनात माझं मेडिसिन पक्कं होतं. जेवताना मी म्हणाले, "एक नाव कमी पडतंय." बाबांनी चमचा खाली ठेवला. "एक नाही, दोन कमी पडतायत. तू पण नाही खेळणार यंदा. परीक्षा झाल्यावर बघू. लोकांची मुलं कुठे पोचली आणि आपण इथे चेंडूमागे!"

"माझं नाव लिही," आई म्हणाली.

आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं. आई चव्वेचाळीस वर्षांची. शाळेत खो-खो खेळलेली, एवढंच मला ठाऊक होतं. ती वरणात लिंबू पिळत होती.

"तुम्ही दोघी वेड्या झालात का?" बाबा म्हणाले आणि आबाजींकडे वळले. "अण्णा, तुम्ही तरी सांगा हिला."

आबाजी ताटात पाहत राहिले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

"वर्षभर तपासणीच्या नळ्या हलवतेय मी," आई म्हणाली, शांतपणे. "कोणाच्या, काय निघालं, विचारत नाही. घरी येऊन दारात कपडे काढतेय. मला एकदा तरी उघड्यावर जाऊन कोणाच्या तरी अंगावर धावून जायचंय. आणि हिचं म्हणाल, तर ही अभ्यास करेल. खेळेलही. तुम्ही स्वतः बी.ई.च्या शेवटच्या वर्षात कॅरमच्या स्पर्धा खेळत होता, मला अण्णांनी सांगितलंय."

बाबा उठून वर गेले. दोन दिवस वरून फक्त मीटिंगचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी सही करायचा फॉर्म छापलेला, टेबलावर ठेवलेला होता. प्रिंटर त्यांच्याच खोलीत होता. चौदावी सही आईची. तिनं मराठीत केली, आणि डेक्लननी ती मान्य केली.

वसंतात भारतातून फोन यायला लागले. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. आबाजींच्या वहीत जुन्या पंचांचे नंबर होते. एका पंधरवड्यात त्यातल्या तिघांचे फोन त्यांच्या मुलांनी उचलले. परतीचं तिकीट पुन्हा रद्द झालं. आबाजी दोन दिवस मागच्या पायरीवर बसून होते, चहा शेजारी गार होत होता. आईनं त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, ती त्यांना कळलीही नाही. तिसऱ्या सकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. "चाल. लाथ मारू." आम्ही बागेत गेलो. सत्तरी ओलांडलेला तो माणूस माझे चुकलेले चेंडू झुडपांतून काढून आणत होता, आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं सांगत होता किती हातांनी चुकला. त्या दिवशी मी शंभरेक लाथा मारल्या असतील. परतताना ते म्हणाले, "तो रामभाऊ गेला ना, त्याले कबड्डीत कोनी धरू शकलं नाई कधी." आणि त्या माणसाच्या एकेका चढाईचं वर्णन घरापर्यंत सांगत आले. मी मध्ये प्रश्न विचारत होते, मराठीत. कधीपासून मराठीत बोलायला लागले, ते आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

परीक्षा झाली, निर्बंध उठले, हंगाम सुरू झाला. पहिला सामना हाउंड्सच्या मैदानावर. आम्ही बावन्न गुणांनी हरलो. ईफानं आमच्या डोक्यावरून चेंडू काढले, समुद्राचा वारा त्यांच्या ओळखीचा होता. आमच्या नव्या मुलींना नियम येत नव्हते. केरळच्या मुलीनं चेंडू सरळ फेकला आणि पंचाची माफी मागितली. परतताना गाडीत आबाजी मागच्या सीटवरून म्हणाले, "चाळीसच्या वर म्हनली होती. बरोबर निघालं. आता दुसरं."

दुसरा सामना आमच्या बागेतल्या मैदानावर, महिन्याभरानं. हाउंड्सच्या चौघींपैकी तिघी जिल्ह्याकडे गेल्या होत्या. ईफा राहिली होती. पाऊस पडून गेला होता आणि मैदानाचा एक कोपरा दलदल झाला होता, तो आम्हाला हिवाळाभर पाठ होता. पहिल्या क्वार्टरमध्ये ताईसनं 'घाईवाली'ला डावीकडून दाबलं, आणि तिला खरंच सुचेना. आमच्या दोघी मागे थांबल्या, शेवटपर्यंत, कितीही मोह झाला तरी. मी पडले, कितीदा ते मोजलं नाही, आणि चेंडू हातात राहिला. अर्ध्या वेळेला आम्ही तीन गुणांनी मागे होतो. बाबा लॅपटॉप घेऊन गाडीत बसले होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी पाहिलं तर ते गाडीबाहेर, रेषेवर उभे, हाताची घडी घालून, बूट चिखलात.

शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा ग्रॉन्यानं आईला आत पाठवलं. मागे केस घट्ट बांधलेले, जर्सी दोन मापं मोठी. ईफा चेंडू घेऊन धावत येत होती, आणि आई तिच्या समोर उभी. मला वाटलं, झालं. पण आई खो-खोची खेळाडू होती. ती धावून गेली नाही. ती एका बाजूला झुकली, ईफा दुसऱ्या बाजूनं वळली, आणि आईनं त्याच बाजूला झेप घेऊन तिची कंबर धरली. दोघी चिखलात. चेंडू सुटला, माझ्याकडे आला, आणि मी खांबांकडे पाहिलं. घाम फुटला नाही. गोल.

शिट्टी वाजली तेव्हा गोल दोन्ही संघांचे सहा-सहा होते. पण चुकलेले नेम आमचे पाच आणि त्यांचे नऊ. म्हणजे हाउंड्स आमच्यापेक्षा चार वेळा जास्त चुकल्या म्हणून चार गुणांनी जिंकल्या. मी हे अनेकांना अनेकदा सांगितलं आहे आणि कोणालाही पटत नाही.

मला मेडिसिन मिळालं नाही. काही गुणांनी हुकलं, आणि बाबांनी अनेक वर्षं त्याचं खापर त्या हंगामावर फोडलं. मी फिजिओथेरपी केली, तीस वर्षं लोकांचे गुडघे आणि खांदे सावरले. बाबांना मी तेव्हाही सांगितलं नाही आणि आता सांगायला ते नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते: तो हंगाम पुन्हा मिळत असेल तर मी मेडिसिन पुन्हा हुकू देईन, वर काही मागणार नाही.

पण त्या दुपारचं एवढ्यात संपलं नाही. या खेळात रिवाज असा की सामना संपला की जिंकलेला संघ रिंगण करून आपल्या क्लबचं गाणं म्हणतो. हरलेला संघ मान खाली घालून सामान आवरतो. हाउंड्सनी त्यांचं गाणं म्हटलं, नेहमीसारखं खड्या आवाजात. आमचंही एक गाणं होतं, क्लब सुरू झाला तेव्हा कोणीतरी रचून ठेवलेलं, बगळे, नदी आणि चिखल असलं काहीतरी. ते आजवर गायची वेळच आली नव्हती, त्यामुळे शब्द कोणालाच येत नव्हते. आई चिखलात बसून बुटातलं पाणी काढत होती. तिनं ग्रॉन्याला विचारलं, "आपलं गाणं नाही का?" ग्रॉन्या म्हणाली, आहे, पण ते जिंकल्यावर म्हणतात. आई म्हणाली, "असं कुठे लिहिलंय?"

ग्रॉन्यानं फोन काढून त्यात शब्द शोधले. आम्ही चौदाजणी खांद्यांवर हात टाकून गोल उभ्या राहिलो, मधे तो फोन, आणि गायला लागलो. सूर नव्हता. ताईस चाल ऐकायच्या आधीच पुढची ओळ घेत होती, आई शब्द चुकीचे आणि सगळ्यात मोठ्यानं म्हणत होती. हाउंड्स सामान उचलता उचलता थांबल्या. आबाजी रेषेवर ताठ उभे होते, आणि बाबांच्या हाताची घडी सुटली होती.

पहिलं कडवं संपलं तसा पंच जवळ आला. तरुण, सभ्य माणूस होता. त्याला वाटलं असावं की आमचा हिशोब चुकला आहे. "मुलींनो," तो हळूच म्हणाला, "तुम्ही हरलात, माहितेय ना?"

"माहितेय," ग्रॉन्या म्हणाली, आणि आम्ही दुसरं कडवं सुरू केलं.